जिन्यात जखमी लेक, वाटेत आई: दीड मिनिटाचा भडक प्रसंग मोबाइलवर कसा चित्रित करावा

मोबाइलवर उभ्या चौकटीत बघायच्या लघुनाट्यांत हा प्रसंग हमखास असतो. लेक जखमी होते, आई धावत येते, समोर कोणीतरी नालायक नातेवाईक उभा असतो. दहापैकी नऊ वेळा तो फसतो, आणि फसण्याचं कारण बहुतेकदा एकच असतं: आई पहिल्याच सेकंदाला रडायला लागते. ती रडली की प्रेक्षकाला रडायला काही उरत नाही. खरी आई आधी काम करते. जखम दाबते, लेकीशी बोलते, वाट अडवते. रडू नंतर येतं. म्हणून एक क्रम धरून ठेवायचा: हात आधी, आवाज मग, डोळे शेवटी. लिखाण, रक्त, कॅमेरा, आवाज या सगळ्याचे निर्णय याच क्रमावरून करायचे आहेत.

उदाहरणादाखल एक प्रसंग घेऊ. ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी, लिफ्ट नसलेली इमारत, पुनर्विकासाला निघालेली. विधवा सुलभा, तिची सोळा वर्षांची मीनल आणि दीर वसंत. वसंतला घरातला हिस्सा सोडल्याच्या कागदावर वहिनीची सही हवी आहे. जिन्यात फायलीची ओढाताण होते, मीनल पडते. दीड मिनिटाच्या भागात याहून जास्त कथा मावत नाही, आणि मावायची गरजही नाही.

आधी कागदावर

दीड मिनिटात संवादाचे एकूण शब्द शंभर ते एकशेवीसच्या पुढे जाऊ देऊ नका. मोठ्याने वाचून घड्याळ लावा. वाचनच सव्वा मिनिटाचं झालं तर हातांच्या कामाला जागा राहत नाही.

भाग पडण्यापासून सुरू करा, भांडणापासून नव्हे. पहिल्या तीन सेकंदांत जिन्यावरून गडगडत येणारा स्टीलचा डबा दिसतो आणि वरून आवाज येतो. पुढच्या बारा-पंधरा सेकंदांत आई पोहोचते आणि जखम दाबते. मधली चाळीस-पंचेचाळीस सेकंदं वसंत खालच्या पायरीवरून सही मागतो आणि ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. मग ती उभी राहते. शेवटची दहा सेकंदं कागदाची.

आता संवाद. "माझ्या लेकीला हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे" हे वाक्य प्रेक्षकाने इतकं ऐकलंय की तो अंगठा वर सरकवून पुढच्या व्हिडिओला जातो. त्याऐवजी असं काही:

वसंत: वहिनी, आधी सही. मग रिक्षा मी बोलावतो.
सुलभा: मीनू, डोळे मिटू नकोस. किती पायऱ्या आहेत गं आपल्या जिन्याला?
मीनल: अठरा…
सुलभा: मोज. खालून मोज.
वसंत: वहिनी, ऐकू येतंय ना?
सुलभा: भाऊजी, पायरी सोडा. नाहीतर मी सोडीन.

शेवटच्या वाक्यात दोन्ही अर्थ आहेत आणि ते समजावून सांगावे लागत नाहीत. नात्याचे शब्द नीट सांभाळा. भांडण कितीही पेटलं तरी ती दिराला "भाऊजी" आणि "तुम्ही"च म्हणेल. चौथ्या वाक्यात "अरे वसंत" झालं की उकळी तिथेच खाली बसते. मान देऊन बोललेलं जास्त लागतं.

मीनलला आडवी पाडून आईच्या मांडीवर डोकं ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो. टाळा. जिन्यावरून पडलेल्या माणसाची मान हलवू नये हे आता बऱ्याच प्रेक्षकांना ठाऊक असतं, आणि डोक्याला मार लागलेल्या मुलीला पाणी पाजणारी आई दिसली की त्यावर हमखास कोणीतरी बोलतं. शिवाय मांडीवर पाचेक किलोचं डोकं वीस मिनिटं ठेवलं की अभिनेत्रीच्या पायाला मुंग्या येतात, आणि तिला नेमकं त्यानंतर ताडकन उभं राहायचं असतं. मीनलला भिंतीला टेकून अर्धवट बसलेली ठेवा: कपाळाला जखम, डावं मनगट छातीशी धरलेलं, पूर्ण शुद्धीवर. आई तिच्यापुढे गुडघ्यावर. ती उभी राहिली की उभ्या चौकटीत खाली लेक, वर आई अशी रचना आपोआप होते. आडव्या पडद्यावर हे साधत नाही. इथे चौकटच तुमच्या बाजूने आहे.

मुलगी कोण करणार, परवानगी कोणाची

पात्र सोळा वर्षांचं असलं तरी अभिनेत्री अठरा पूर्ण झालेली आणि लहान चणीची घ्या. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. चौदा वर्षांखालील मूल घ्यायचं तर 2016 साली सुधारलेला बालमजुरी कायदा आणि त्याचे 2017 चे नियम लागू होतात. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांची मर्यादा, तीन तासांच्या पुढे सलग काम नाही, आणि मानधनातला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. नवी मुंबईत चित्रीकरण करणाऱ्यांची इथे हटकून गल्लत होते. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. खारघरच्या घरात शूट असेल तर अर्ज ठाण्याला नव्हे, अलिबागला.

सोसायटीची लेखी संमती घ्या. त्यात तारीख, वेळ, कुठला मजला आणि "जिना पूर्ण बंद होणार नाही" हे वाक्य असू द्या. कोणी वर जाणार असेल तर शॉट थांबवायचा, वाद घालायचा नाही. तळमजल्यावर, दुधाच्या पिशव्या अडकवतात तिथे, मोठ्या अक्षरांत नोटीस लावा: "आज दुपारी दोन ते सहा नाटकाचं चित्रीकरण. किंचाळण्याचे आवाज येतील. घाबरू नये." वॉचमनला तोंडी सांगा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात एक पत्र देऊन पोच घ्या. जिन्यात "वाचवा" अशी हाक गेली की शेजारचं कोणीतरी 112 लावणारच, आणि लावायलाही हवं.

रक्त

घरी करा. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. 200 मिली लिक्विड ग्लुकोज, 40 मिली कोमट पाणी, दोन चहाचे चमचे लाल खाद्यरंग, अर्धा चमचा कोको पावडर आणि निळ्या खाद्यरंगाचा एकच थेंब. कोको आधी चमचाभर पाण्यात कालवा, थेट टाकली तर गुठळ्या होतात आणि चेहऱ्यावर खडीसारख्या दिसतात. नुसता लाल रंग कॅमेऱ्यावर गुलाबी सरबतासारखा येतो. त्याला रक्ताचा रंग देतात कोको आणि निळा थेंब. निळा जास्त पडला तर जांभूळ, म्हणून तो दातकोरणीने टाका.

आदल्या दिवशी अभिनेत्रीच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून चोवीस तास बघा. खाज किंवा पुरळ आली तर दुसऱ्या कंपनीचा रंग आणा. कपाळावर लावण्याआधी व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, नाहीतर खाद्यरंग दोन दिवस जात नाही आणि पोरीला कॉलेजात त्याच कपाळाने जावं लागतं. भुवईच्या वर पेट्रोलियम जेलीची बारीक कड काढली तर ओघळ डोळ्यात न जाता कानशिलाकडे वळतो.

रक्त किती? कपाळाच्या लहान जखमेतूनही भरपूर रक्त येतं, त्यामुळे एक ओघळ गालापर्यंत आला तर पटतं. पण जखम झाकली जाईल इतकं ओतू नका. उगम दिसला पाहिजे. पहिल्या शॉटला पातळ आणि लाल, दहा-पंधरा मिनिटांनंतरच्या प्रसंगाला त्यातच चिमूटभर कोको वाढवून गडद आणि दाट. दुसऱ्या दिवशीचा प्रसंग असेल तर कपाळावर पट्टी आणि डोळ्याभोवती लालसर-जांभळं. हिरवट-पिवळी झाक पाच-सात दिवसांनी येते. दुसऱ्याच दिवशी पिवळी रंगवलीत तर ज्याला मार लागलाय तो लगेच ओळखतो.

हे सगळं साखरेचं आहे हे विसरू नका. आपल्याकडे अर्ध्या तासात मुंग्या हजर होतात. भांडं झाकून ठेवा आणि ते पाणी भरलेल्या ताटलीत ठेवा, आजी साखरेचा डबा ठेवायची तसं.

आईचे हात कणकेने माखलेले दाखवायची कल्पना कागदावर छान वाटते. करू नका. कणीक दहा मिनिटांत वाळून तडकते, रक्तात मिसळली की गुलाबी चिखल होतो आणि कुठलाच टेक दुसऱ्याला जुळत नाही. ती मेथी निवडत होती म्हणा. साडीला चिकटलेलं एक पान पुरतं.

पदर फाडण्याची गोष्ट

या प्रसंगातला सगळ्यात देखणा शॉट हाच, आणि सेटवर सगळ्यात जास्त फजिती करणाराही. आई पदर हातात घेते, जोर लावते आणि काहीच होत नाही. कारण काठ. काठाची वीण घट्ट असते, तो हाताने फाटत नाही. एकदा काठ ओलांडला की सुती कापड आडव्या धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जातं.

म्हणून साडी सुतीच हवी, धुऊन मऊ झालेली. जॉर्जेट किंवा पॉलिएस्टर ताणलं जातं आणि वेडंवाकडं उसवतं. पदराच्या टोकापासून तीन इंच मोजा आणि एका काठाला कात्रीने दीड इंच आडवी चीर द्या, काठ पूर्ण ओलांडेल इतकी. समोरच्या काठालाही तेवढीच चीर देऊन दोन कच्चे टाके घाला, म्हणजे पट्टी शेवटी अडकत नाही. पट्टीची लांबी साडीच्या पन्ह्याएवढी, म्हणजे मीटरभराहून थोडी जास्त येते. कपाळाला एक वेढा आणि गाठ एवढ्याला ती पुरते. प्रत्येक टेकला पदर तीन इंच आखूड होतो. तीन टेक म्हणजे नऊ इंच. त्यामुळे पदर लांब दिसणारे सगळे शॉट आधी उरकून घ्या, आणि नेसवताना पदर नेहमीपेक्षा फूटभर लांब सोडा. खांद्याला एकच पिन, नाहीतर जोर लावताना ब्लाउज फाटतो.

फाडण्याचा "टर्र" आवाज चित्रीकरणात कधीच नीट येत नाही. जुन्या चादरीचा तुकडा मोबाइलपासून वीतभर अंतरावर फाडून वेगळा रेकॉर्ड करा.

हातातल्या काचेच्या बांगड्या झटापटीच्या शॉटपुरत्या काढा. तिथे प्लॅस्टिकच्या घाला. किणकिण नंतर जोडता येते, मनगटातली काच नंतर काढता येत नाही.

पडणं, ढकलणं

जिन्यावरून कोणीही खरं पडत नाही, हा नियम वाटाघाटीचा नाही. पडणं तुकड्यांत बनतं: चप्पल पायरीच्या कडेवरून सटकते (पाऊल सपाट जमिनीवर, मागे पायरीचा भास), कठड्यावरचा हात सुटतो, डबा गडगडतो, वर आईची मान वळते, आणि मग थेट भिंतीला टेकलेली मीनल. हे पाच शॉट मिळून चार सेकंदांचे. जोडल्यावर प्रेक्षक शपथेवर सांगेल की त्याने पडताना पाहिलं.

ढकलण्यात ताबा ढकलल्या जाणाऱ्याकडे असतो. वसंतचा हात खांद्यावर नुसता टेकतो, मीनल स्वतःच्या मोजणीवर मागे जाते आणि कॅमेऱ्याबाहेर पकडायला माणूस उभा असतो. सलवारीच्या आत गुडघ्यांना पॅड, बसायच्या जागी दुमडलेली योगा मॅट. आईच्या गुडघ्यांनाही पॅड द्या. तिला दिवसभरात पंचवीस वेळा त्या लादीवर आदळायचंय, आणि तिचा कोणी विचार करत नाही.

कॅमेरा आणि उजेड

मोबाइल उभा, 1080 बाय 1920, सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे या आकड्यांवर जिन्यातली ट्यूब लुकलुकत नाही. तीसवर चित्रित केलंत तर बऱ्याचदा भिंतीवरून पट्टे सरकताना दिसतात. प्रकाश आणि फोकस लॉक करा, नाहीतर वसंतचा पांढरा शर्ट चौकटीत आला की आईचा चेहरा काळा पडतो. रुंद लेन्स जिन्याची अडचण बघून वापरावीशी वाटते, पण ती चेहरे फुगवते. मुख्य लेन्स घ्या आणि पाठ भिंतीला लावून मागे सरका.

सुरुवातीला वसंत खाली असूनही कॅमेरा त्याच्या खांद्यामागून जरा उंचावरून आईकडे. ती बसलेली, लहान दिसते. ती उभी राहते त्या शॉटला मोबाइल वसंतच्या गुडघ्याच्या उंचीवर न्या आणि वर रोखा. आता जिन्याची पूर्ण रुंदी तिने भरलेली दिसते. तिने दोन्ही हात पसरायची काहीच गरज नाही. एक हात कठड्यावर, दुसरा मागे लेकीच्या डोक्यावर. पाठीमागचा तो हात चौकटीत राहिलाच पाहिजे, प्रसंग त्या हातात आहे.

चौकटीचा खालचा पाचवा भाग मोकळा सोडा. तिथे ॲपची बटणं आणि मजकूर येतो. मीनलचा चेहरा तिथे गेला तर तुमची जखमी नायिका "शेअर करा"च्या मागे जाते.

जुन्या इमारतींच्या जिन्यांना सिमेंटची जाळी असते. साडेतीन-चारनंतरचं पश्चिमेचं ऊन त्यातून भिंतीवर चौकटी पाडतं, आणि त्या सरकत राहतात. मोठे शॉट सलग अर्ध्या तासात उरका. जवळच्या शॉटना बाजूने एक लहान एलईडी आणि समोर थर्माकोलचा पत्रा. बाजूचा उजेड रक्तावर ओली चमक आणतो. समोरून सरळ उजेड टाकला तर तेच रक्त सॉस दिसतं.

रडू

आईचा रडण्याचा जवळचा शॉट दिवसाच्या शेवटी ठेवण्याची पद्धत चुकीची आहे. तोवर घसा बसलेला असतो आणि डोळे नुसतेच लाल असतात. पडण्याआधीचे स्वच्छ चेहऱ्याचे शॉट संपले, रक्त लागलं, की लगेच हा घ्या. ग्लिसरीन डोळ्यात घालू नका. मेंथॉलची कांडी डोळ्याच्या खाली एक सेंटिमीटर अंतरावर हलकी फिरवली की वाफेने डोळे भरतात. पण सूचना द्यायची ती रडायची नाही, न रडण्याची: "पट्टी बांधून होईपर्यंत एक थेंब पडू द्यायचा नाही." थेंब रोखून धरणारा चेहरा हेच तर हवं आहे. गाठ बसते, ती श्वास सोडते, आणि तेव्हा पडला तर पडू द्या. त्या जागी संगीत नको. दोन सेकंद काहीच नको.

आवाज

जिना घुमतो. वरच्या आणि खालच्या कठड्यांवर गोधड्या, चादरी टाका, फरक लगेच ऐकू येतो. कॉलर माइक पदराच्या निरीत लपवला तर सुती कापड कमी वाजतं. आई लेकीला छातीशी धरते तेव्हा मात्र तिचा माइक दबतो. त्या शॉटपुरता माइक मीनलच्या कपाळाच्या पट्टीत खोचा. तो दोघींच्या तोंडांजवळ असतो आणि पट्टी आहेच झाकायला.

दुपारी बारा-एक आणि संध्याकाळी सात हे कुकरच्या शिट्ट्यांचे तास. रुळांच्या बाजूची इमारत असेल तर लोकल जाईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडवरची सर एका शॉटला असते, दुसऱ्याला नसते. म्हणून पावसाचा आवाज वेगळा तीन मिनिटं घेऊन सगळ्या प्रसंगाखाली अंथरा. घरातला फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली त्यात ठेवा. किल्ली घ्यायला गेलात की चालू करायची आठवण होते.

शेवटचा कागद

शेवट असा: वसंत जिन्यातून कागद पुढे करतो, सुलभा तो घेते. प्रेक्षकाला वाटतं सही करणार. ती त्यावर रक्ताळलेला पंजा दाबते आणि मजकूर झाकून कागद परत देते. भाग तिथेच तोडा.

कागद लेझर प्रिंटरवर किंवा झेरॉक्सवर काढा. इंकजेटची शाई ओल्या हाताखाली फुटते आणि मजकूर निळ्या डागाचा होतो. आठ प्रती ठेवा. खऱ्या स्टॅम्पपेपरची किंवा राजमुद्रेची नक्कल करू नका, वर "संमतिपत्र" एवढं ठळक अक्षर पुरे, आणि आत कोणा खऱ्या बिल्डरचं किंवा सोसायटीचं नाव नको. पंजा उमटण्यासाठी रक्त तळहातावर सांडायचं नाही. मेकअपच्या स्पंजने पातळ थापायचं, पाच सेकंद थांबायचं, मग दाबायचं. ओलं जास्त झालं तर पंजा उमटत नाही, डबकं होतं. उचलताना हात सरळ वर, घसरवत नाही.

पुढच्या भागात दवाखाना येणार असेल तर "आधी पैसे भरा, पोलीस केस आहे" म्हणणारा डॉक्टर घालताना एक लक्षात ठेवा. जखमीवर आधी उपचार, बाकीचं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं आहे. तसा डॉक्टर दाखवायचा तर तो चुकतोय हे आईच्या तोंडी येऊ द्या. तिच्यासाठी तो उत्तम संवाद आहे, आणि ऐकणाऱ्यालाही उपयोगी.

आवराआवर करताना जिन्यापासून सुरुवात करा. पाक वाळायच्या आत गार पाण्याने आणि साबणाने लादी दोनदा पुसा, जाळीच्या खाचा जुन्या ब्रशने घासा, कठडा विसरू नका. साडी गार पाण्यात भिजवा, गरम पाण्याने खाद्यरंग पक्का बसतो. मीनलची पट्टी सोडवताना केसांत अडकलेला पाक ओढू नका, ओला रुमाल दोन मिनिटं धरा. आणि निघताना तळमजल्यावरची नोटीस काढून घ्या. ती आठवडाभर तिथेच राहिली तर खरोखर कोणी किंचाळलं तरी दार उघडणार नाही.